टी-शर्टांच्या टेबलामागून

मी माणसं मापावरून ओळखते.
एकतीस हिवाळे झाले, तुर्कूपासून कायानीपर्यंत
कुठल्या ना कुठल्या हॉलच्या दाराशी
हेच घडीचं टेबल, हीच पत्र्याची पेटी
आणि काळे टी-शर्ट, छातीवर वेइक्काचं नाव
तडकलेल्या बर्फासारख्या अक्षरांत.

हार्री पहिल्यांदा आला तेव्हा मीडियम होता.
मग लार्ज. लग्नानंतर एक्सेल.
बायको गेली त्या वर्षी पुन्हा लार्ज,
मी काही विचारलं नाही, सुटे परत दिले.
आता डबल एक्सेल मागतो आणि म्हणतो,
तुमचे शर्ट धुतल्यावर फार आटतात.
आटतात खरे, मी म्हणते.
मापात पाप करत नाही मी, पण एवढं खोटं
धंद्यात चालतं.

कंपनीने हात झटकले तेव्हा वेइक्का
रात्रीचा ट्रक चालवायचा, मासळीचा.
दोनशे सहा जणांनी पदरमोड केली,
न निघालेल्या रेकॉर्डचे पैसे आधीच पाठवले.
एक दंतवैद्य, एक पाद्री, शाळेतल्या स्वयंपाकीणबाई,
आणि ओउलूची सेनी. तिच्या पाकिटात
नोटेबरोबर लोकरीचे मोजे निघाले:
"ट्रकमध्ये पायांना गारठा लागत असेल."
सगळ्यांची नावं आहेत मागच्या कव्हरवर, मुंगीएवढी.
निम्म्यांना ती वाचायला आता चष्मा लागतो.
काहींना आता काहीच लागत नाही.

आणि मग ही पोरं.
कुठून उगवली कोण जाणे,
वेइक्काची शेवटची रेकॉर्ड आली तेव्हा
यातली बरीचशी जन्मायची होती.
हिरव्या केसांची हिल्ला चार तास बसने येते,
स्मॉल घेते, आणि माझ्यासमोरच
कात्रीने बाह्या उडवते.
उणे अठरात भिंतींना पोस्टरं चिकटवली त्यांनी,
खळ गोठायची म्हणून डबा कोटाच्या आत धरून.
ड्रमर ऐन दौऱ्यात सोडून गेला तर
त्यांच्यातलाच एल्मेरी उभा राहिला,
मिसरूडही धड नाही, पण
अठ्ठावीस गाणी तोंडपाठ.

म्हातारे कुरकुरतात: ही ऐकतात कधी, फोनच वर.
पोरं कुरकुरतात: हे खुर्च्या घेऊन पुढे बसतात.
मध्यंतरात मात्र कानात घालायचे बोळे
इकडून तिकडे जातात, आणि बिअर
तिकडून इकडे.

तिसऱ्या गाण्यात एक जागा आहे.
रेकॉर्डवर तिथे शेवटचा शब्द तो उचलतो
आणि अकरा सेकंद खाली ठेवत नाही.
गळ्याच्या ऑपरेशननंतर ते गेलं.
कुओपिओला पहिल्यांदा त्या जागी येऊन तो थांबला,
तोंड उघडं, आवाज नाही,
आणि त्याने माइक नुसताच लोकांकडे वळवला.
कुणी हललं नाही.
मग हार्रीने उचलला तो शब्द
बेंबीच्या देठापासून, पार बेसूर,
मागोमाग सेनी, मागोमाग सगळे.
तेव्हापासून रोज तसंच.

काल हिल्ला नाणी मोजता मोजता म्हणाली,
ती जागा मला सगळ्यात आवडते.
लिहितानाच त्याने ती आपल्यासाठी
रिकामी सोडली असणार, नाही का?

हार्री शेजारी उभा, शर्ट छातीला लावून
रुंदी बघत होता.
रेकॉर्ड त्याच्याकडे दोन आहेत, एक न फोडलेली.
त्याने शर्टाची घडी घातली. चुकली. पुन्हा घातली.
हो, म्हणाला. पहिल्या दिवसापासून.

मला टेबल सोडून आत जाता येत नाही.
दाराच्या फटीतून ऐकते.
तिसरं गाणं आलं, वेइक्का गप्प झाला,
आधी खालून ते घोगरे, फाटके,
दमा असलेले आवाज,
मग त्यांच्या खांद्यावर चढून पोरांचे.
मी घड्याळ लावलं.
चौदा सेकंद.

रात्री पेटी मिटताना हिशोब केला.
स्मॉल संपले. डबल एक्सेल संपले.
मधली मापं तशीच पडून,
खोकाभर मीडियम, खोकाभर लार्ज.
वेइक्का म्हणाला, पुढच्या वेळी छापू नकोस.

राहू देत, म्हटलं.
हिल्ला काही जन्मभर
स्मॉल राहायची नाही.