पडू दे

प्राची, आधी खिडकी उघड.
मिरजेची धूळ येईल, स्टेशनकडचे हॉर्न येतील, येऊ देत.
राळेचा धूर नाकाचाच पत्ता विचारत येतो,
म्हणून जुन्या कॉम्प्युटरचा हा पंखा.
फुंकायला नाही, ओढायला. तोंड त्याचं रस्त्याकडे.

ओढणी काढून ठेव. नायलॉनची आहे,
सुती असती तरी हेच म्हटलं असतं.
केस बांध. चष्मा घाल.
छाटलेल्या तारेचा तुकडा कुठे उडेल
हे कटरलाही माहीत नसतं.

हा इलेक्ट्रॉनिक तानपुरा, गाण्याच्या क्लासमधला.
षड्जापाशी खरखरतो.
प्लग काढलाय म्हणून मेला समजू नकोस.
कपॅसिटर तुझ्या आजोबांसारखा,
बोलणं थांबवतो, मनात ठेवतो.

मी तुझ्याहून लहान होते
तेव्हा दस्तगीरमामांकडे शिकायला जायचे.
किल्ला भागात दुकान. दुकान कसलं, जिन्याखालची जागा.
ते फार बोलत नसत.
एवढंच म्हणायचे, रोज, आजच सुचल्यासारखं:
"पडलं तर पडू दे."

यात काय शिकवायचं, असं वाटायचं मला.
मग एकदा खरंच पडलं
आणि हात गेला.
मला विचारून नाही गेला.
उतू जाणारं दूध, निसटता कप,
खाटेवरून कलंडणारा धाकटा भाऊ
झेलत झेलत वाढलेला हात.
साडेतीनशे अंश मुठीत आले.

हा बघ.
डाख द्यायला गेले, डाग घेऊन आले.
मामांनी मनगट नळाखाली धरलं, वीस मिनिटं,
भिंतीवरच्या घड्याळावर डोळा ठेवून.
टूथपेस्ट घेऊन धावत आलेल्या शेजारणीला
नुसत्या मानेनं परत पाठवलं.
दस्तगीर म्हणजे हात धरणारा,
हे त्यांच्या नातीनं सांगितलं मला,
ते गेल्यावर.

असो. स्टँड उजवीकडे. वायर टेबलामागून, पायात नको.
झाल्यावर साबण, नखांच्या आतपर्यंत, मगच भाकरी.
शिसं घाईत नसतं, बसून राहतं.
स्पंज ओला केलास?
टेकव. च्स्स.
जागं आहे.

आता घे. पेनसारखं, जरा मागे.
मी इथेच आहे.
निसटलं तर पाय मागे घे
आणि हात पाठीशी.
फरशीवर एक काळा ठिपका पडेल, एवढंच.
माझे अकरा आहेत तिथे.
मोज हवं तर.