बोर्ड किती फुटावर

वायरमन माणूस मी. घरात शिरलो की
देव कुठं, चूल कुठं बघत नाही,
भिंतीवरची ओल कुठं थांबलीय तेवढं बघतो.

नदीकडच्या गल्लीत पहिल्यांदा वायरिंग केलं
तेव्हा बोर्ड छातीला येत.
एकोणीसच्या पुरानंतर फुलाबाई आवळे म्हणाली,
अल्ताफ, वर घे. घेतला.
एकवीसला परत पाणी. परत तेच, अल्ताफ, वर घे.
आता तिथं दिवा लावायला पोरं डब्यावर चढतात,
म्हातारी काठीच्या टोकानं बटण दाबतात.

घरच हळूहळू वर सरकलं म्हणायचं.
जोतं दोन फूट चढवलं, चौकट तीच ठेवली,
म्हणून जावई वाकून आत येतो
आणि सासू म्हणते, वळण लागलं.
आढ्याला चार कड्या,
पाळण्याच्या नव्हेत, खाटेच्या.
फ्रीज टेबलावर, टेबल विटांवर,
रेशनकार्ड पत्र्याखालच्या डब्यात.

पावसाळ्यात चहाआधी बंधाऱ्याची पातळी विचारायची.
एकोणचाळीस म्हटलं की म्हैस सुटते,
त्रेचाळीसला माणसं.
म्हशीला समजवावं लागत नाही.

मग कागद आला.
नकाशावर निळी रेष, रेषेच्या आत गल्ली.
साहेब म्हणाले, शहराबाहेर, चौथा मजला,
पाण्याची कटकटच नाही.
म्हैस कुठं बांधायची
ते नकाशात नव्हतं.

नव्या खोलीत फॅन लावायला गेलो तर
संध्याकाळ झालेली, फुलाबाई अंधारात,
हात उंच करून कोऱ्या भिंतीवर चाचपत होती.
बटण तिच्या कोपराशी होतं.

अल्ताफ, वर घे.
मावशी, इथं कुठलं पाणी?
पाणी नव्हं रं, हात.

सात फुटावर पेन्सिलीनं खूण केली.
मजुरी तिनं विचारली नाही, मी सांगितली नाही.
काठी दाराआड होतीच, ती तिनं आणलेली.

लिफ्ट बंद. उतरताना मोजत आलो, खोड आहे.
दहा फुटाला एक मजला धरला
तर त्रेचाळीस फूट म्हणजे
बरोबर तिच्या नव्या खिडकीची कड.

हे काही तिला सांगितलं नाही.