पाचाच्या घरात हळद

भूपाल मगदूम यांनी पहिलं कोडं दिलं
तेव्हा त्यांच्या दोन्ही डोळ्यांत थेंब घातले होते.
तासभर जवळचं काही दिसणार नव्हतं,
म्हणाले, तवर तुम्हीच बघा की हे.
मार्केट यार्डातली जुनी तोलाईची चिठ्ठी,
पाठकोऱ्या बाजूला नऊ बाय नऊ घरं,
पट्टी न लावता ओढलेली, तरी सरळ.

विश्रामबागेतल्या या दवाखान्यात मी नंबर देते.
एक ते चाळीस, दुपारी परत एकपासून.
पेपरातलं सुडोकू मला चहा गार व्हायच्या आत सुटतं.
हे तसलं नव्हतं.
यात मुंगी होती.

वरच्या डाव्या कोपऱ्यातून ती निघणार,
खालच्या उजव्या कोपऱ्यात गूळ.
आडवं चालायचं, उभं चालायचं, तिरपं नाही.
जाड रेघ म्हणजे भिंत.
आपली वाट आपणच ओलांडायची नाही.
आणि दर पावलाला पुढचा आकडा
मागच्याहून निदान पाचाने
कमी, नाहीतर जास्त.
वाट कुठून जाते ते मात्र काढलेलं नव्हतं.
ते तुम्ही शोधायचं.

दोन दिवस मुंगी भिंतीवर डोकं आपटत राहिली.
तिसऱ्या दिवशी खिडकीशी कुणी विचारलं,
"पाच नंबर गेला का?"
आणि मी ओरडले, "पाच जाऊच शकत नाही!"
पाचात पाच मिळवले तर दहा,
पाचातून पाच काढले तर शून्य,
दोघांनाही या कागदावर घर नाही.
पाच नंबरचे गृहस्थ एक डोळा झाकून
माझ्याकडे बघत राहिले.

फोनवर मगदूम खुशीत.
"पाचाच्या घरात हळद आहे, बाई.
हळदीवरनं मुंगी जात न्हाई.
बेचाळीस वर्षं तोललीय मी."

मग एकेक कळत गेलं.
चाराला शेजारी फक्त नऊ चालतो, दोन्हीकडे नऊ,
आणि एका ओळीत दोन नऊ बसत नाहीत.
म्हणजे वाटेत चार आला
की मुंगीने वळलंच पाहिजे.
अडले तर अंदाजाने आकडा घालू का, विचारलं.
ते म्हणाले, हरिपुरात पेवं होती तेव्हा
आत आधी कंदील सोडायचे.
विझला तर वर ओढायचा, माणूस उतरवायचा नाही.
तसा सोडा. पेन्सिलीनं.

सात कोडी झाली. आठव्यात कंदील विझला.
पुन्हा सोडला, पुन्हा विझला.
रात्री दीडला दिसलं:
एका सरळ बोळात त्यांनी चार लिहिला होता,
दोन्ही अंगांना भिंती, वळायला जागाच नाही.
मुंगी आत शिरली असती
आणि तिथेच उभी राहिली असती.

मला त्यांचं कार्ड पाठ होतं.
उजवा डोळा, मोतीबिंदू, पिकलेला.
तारीख तीनदा पुढे ढकललेली.
कारणाच्या जागी त्यांच्याच अक्षरात:
हंगाम.
निवृत्त माणसाला कसला हंगाम?

मी एक भिंत खोडली,
एक घर सरकवून पुन्हा ओढली. पट्टी लावून.
त्यांच्याइतकी सरळ आली नाही.
मग वाट निघाली, गुळापर्यंत. एकच.
काही न बोलता कागद परत दिला.
त्यांनी तो नाकाला टेकेल इतका जवळ धरला,
बोटाने चाचपत गेले,
त्या भिंतीशी बोट थांबलं,
आणि म्हणाले, "या गुरुवारी जागा आहे का डॉक्टरांकडं?"

ऑपरेशननंतर महिन्याने आले, काळा चष्मा लावून.
नवी चिठ्ठी. घरं नेहमीसारखी.
मी उलटून छापील बाजू बघितली.
माल. पोती. वजन.
खाली डावीकडे तोलणार, तिथे त्यांची सही.
उजवीकडे पडताळणार.
आजवरच्या प्रत्येक चिठ्ठीवर
तिथे आडवी काट मारलेली असायची.
या वेळी नव्हती.

"कितवा नंबर माझा?" त्यांनी विचारलं.
सहावा होता.
मी म्हटलं, बसा,
पाच अजून आत आहेत.