भरणा

सुरगाण्याची एसटी मेळा स्टँडला लागते साडेदहाला.
वाहक लहरे बर्फाची पेटी खाली देतो, तेच विचारतो,
"ह्यात काय, मॅडम, आंबे?"
"रक्त," मी म्हणते.
तो हसतो. दर मंगळवारी हसतो.
पेटीत चार नळ्या.
तिसरीवर नर्सबाईंचं तिरकं अक्षर:
देवका भोये, वय बारा.

गंगापूर रोडच्या कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावर,
गोल बुडाच्या चंबूत एकसष्टावा रेणू फिरतो आहे सकाळपासून.
तेरावा पाण्यात विरघळेना.
बावीस ते तीस, सगळ्यांचं डांबर झालं.
चव्वेचाळीसावा देखणा होता, सुईसारखे स्फटिक,
यकृताच्या पेशींनी चाळीस मिनिटांत त्याचा फडशा पाडला.

सगळ्यांचा सांगाडा व्हॅनिलाचा,
त्यामुळे वास जिन्यातच गाठतो.
सिव्हिलमधून परतताना देवका एकदा वर आली होती,
दारात थबकून म्हणाली, "इथं आईस्क्रीम करत्यात का?"
मग स्टुलावर बसली, गुडघा धरून.
कुठं दुखतं विचारलं तर म्हणाली, "आज इथं,"
मुक्कामाला आलेल्याची खोली दाखवावी तसं.

माझे वडील भद्रकालीत एका छापखान्यात खिळे जुळवत.
पतसंस्थेची दोनशे पावतीपुस्तकं छापून, शिवून झाली
तेव्हा कळलं, केसमध्ये भ च्या घरात म पडला होता.
मरणा पावती.
रक्कम रुपये, अक्षरी, सही.
मालक भिंतीकडे बघत राहिले. नव्या कागदाला पैसे नव्हते.
वडिलांनी बारीक निब घेतलं
आणि एकेका म ला डाव्या अंगानं, वर,
शाईची एक गाठ मारली.
दहा हजार गाठी, सहा रात्री.
आई वात सारत राहिली, एक शब्द बोलली नाही.

देवकाचंही एक अक्षर.
एवढ्या लांब ओळीत, ए च्या जागी टी.
तेवढ्यानं साखळीतला सहावा मणी बदलतो,
पाण्यात रमणारा जाऊन तेलकट येतो.
प्राणवायू आहे तोवर सगळं ठीक.
तो सोडला, की तेलकट मणी शेजाऱ्याच्या खळगीत शिरतो,
तो शेजारी पुढच्याच्या,
दोर वळत जातो,
आणि अंगठ्यानं दाबलेल्या पेढ्यासारखी पेशी
विळा होऊन बारीक गल्लीत आडवी पडते.
आज इथं.

मूळ ओळ मला दुरुस्त करता येत नाही.
करणारे आहेत, त्यांच्याकडे कात्री आहे, कोटींचा हिशेब आहे.
माझा एकसष्टावा साच्याला हात लावत नाही.
छापून आलेल्या एकेका प्रथिनापाशी जातो
आणि टोकाला गाठ मारतो.
सैल गाठ. पाण्यानं सुटते, पुन्हा मारावी लागते.

चार वाजता काचपट्टीवर नायट्रोजन सोडला.
मी मोजते, शरयू पगार लिहिते.
औषधाविना: शंभरात एकोणीस गोल.
एकसष्टासह: शंभरात चौपन्न.
शरयूनं पेन खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, "थांब. एवढं प्रमाण त्या पोरीला द्यायचं
तर रोज वाटीभर गोळ्या.
आणि अजून उंदीरही पाहिलेला नाही आपण."
तिनं पेन उचललं. "मग चौपन्न लिहू की नको?"
"लिही. पुन्हा मोजू."

कपाटात त्या पुस्तकांतलं एक आहे माझ्याकडे,
तराजूची वजनं ठेवते त्याच्यावर.
अडतिसाव्या पानावरची गाठ राहून गेली आहे.
लहानपणीच दिसली होती मला.
वडिलांना सांगितलं नाही,
स्वतःही मारली नाही.
का, ते मला अजून
नीट सांगता येत नाही.

पेटी धुऊन ठेवली आहे. साडेसहाची गाडी.