एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र

जुन्या न्यायमंदिरासमोरच्या टपरीत
एकवीस वर्षं मी हेच टाइप करतेय:
वर लिहिलेलं आणि खाली लिहिलेलं
एकच आहे.

आज खानविलकर आले, घामेजलेले.
लेकीच्या जन्मदाखल्यावर बरोडा, पासपोर्टवर वडोदरा,
आणि ती डेन्मार्कात, एका बेटावर.
तिथल्या खिडकीतली बाई विचारते, गावं दोन कशी?
"घरी तर आम्ही बडोदंच म्हणतो," ते म्हणाले,
"पण ते नका घालू, आणखी एक कागद लागेल."

प्रिंटर तापेपर्यंत त्यांनी फोनवर बेट दाखवलं.
उंदरानं कुरतडलेली भाकरी.
उत्तरेकडून समुद्र आत घुसत घुसत
पार पोरीच्या वसतिगृहामागे आलेला.
सगळ्यात उंच टेकडी सव्वाशे मीटर;
पावागडला आपण चहाला थांबतो
ती माचीसुद्धा वरचढ.

नाव शेलान.
शेवटी ड लिहायचा आणि गिळून टाकायचा.
"अर्थ काय?"
"काही म्हणतात, सीलवरून."
मी नोटरीसाहेबांचा शिक्का उचलला. हा?
"अहो नाही, पाण्यातला. मिशा असतात त्याला."
काही म्हणतात, त्या चिरत गेलेल्या खाडीवरून.
नक्की कुणालाच ठाऊक नाही,
आणि बेटाकडे अजून कुणी
प्रतिज्ञापत्र मागितलेलं नाही.

आपलं बरं, वडाच्या पोटातलं गाव,
शाळेत एका ओळीत उरकलं होतं.
विश्वामित्रीत एवढ्या मगरी,
तरी नाव झाडाचं घेतलं.

जाता जाता त्यांनी तिथली गोष्टही सांगितली.
कुण्या देवीनं आपल्या चार पोरांचे बैल केले,
शेजारच्या राजाची जमीन नांगरानं उपटली
आणि समुद्रात ओढत नेली. तेच हे बेट.
मागं खड्डा राहिला, त्याचं तळं झालं.

मग दोघंही गप्प.
समोर सूरसागर, पूर्वीचा चंदन तलाव,
हिरवं पाणी, कठड्याशी मक्याची कणसं भाजणारा.
इथली जमीन कुणी नेली असेल,
कुठल्या पाण्यात ठेवली असेल,
एकवीस वर्षांत मनात आलं नव्हतं.

शिक्का बसला. शाई जरा फुटली,
कडेनं खाड्या पडल्या.

"एक प्रत जास्त काढा," ते म्हणाले,
"तिच्यात बडोदं घाला. कुठं द्यायची नाही."

काढली.
पैसे मात्र घेतले,
कागद तो कागद.