नदाफ गादी ठाणे

जांभळी नाक्यावर आमची दुकानं समोरासमोर.
मधे बारा पावलं रस्ता आणि एकोणतीस वर्षं.
त्यानं पाटी लाल केली,
मी लाल करून वर दिवे लावले.
त्यानं एक उशी फुकट दिली, मी दोन.
गिऱ्हाईक पायरी चढताना दिसायचं, उतरताना दिसायचं.
हरलो तर कितीला हरलो
ते डबा उघडायच्या आत कळायचं.

मग वर्तकनगरचा निनाद आला, पाठीला सॅक.
म्हणाला, काका, रस्ता आता इथे नाहीये.
फोनवर दाखवलं:
कुणी 'टिपणीस गादी' शोधलं
की सगळ्यात वर दस्तगीर नदाफ.
माझ्या नावाच्या डोक्यावर पाय देऊन उभा.
वर बारीक अक्षरात, प्रायोजित.
वडिलांनी मागे ठेवलेलं आडनाव
हा माणूस दर टिचकीला नऊ रुपयांनी उचलत होता.

मी विचारलं, त्याचं कितीला मिळेल?

'नदाफ गादी ठाणे'.
हे तीन शब्द मी अकराला घेतले, मग एकोणीसला,
दिवाळीच्या आठवड्यात अडतीसला.
लिलाव म्हणे.
पण जुन्या बाजारात रुमालाखाली
समोरच्याची बोटं तरी लागायची हाताला,
गरम आहेत का थरथरतात, समजायचं.
इथे पुकारणारा दिसत नाही, घेणारा दिसत नाही.
बिल तेवढं येतं, दोन तारखेला,
कर धरून.

एका रात्री झोप येईना.
गादीवाल्यानं हे सांगावं कुणाला?
पांघरुणात फोन धरून त्याचं नाव टाकलं, माझी जाहिरात आली.
तिला हात लावला नाही, पैसे माझेच जातात.
माझं नाव टाकलं. तो आला.
दाबलं.
गेले त्याचे नऊ रुपये.
इतकी गाढ झोप लागली म्हणून सांगू.

मग रोज एकदा. फार नाही.
इसबगोल घेतल्यासारखं.

महिनाअखेरीला निनादनं तक्ता उघडला.
काका, हे विचित्र आहे,
तुमच्या जाहिरातीवर रात्री दीड ते दोनच्या मधे
रोज एक क्लिक. खरेदी शून्य.
कुठून?
ठाणे, एवढंच दाखवतंय.
मी म्हटलं, असेल कुणी झोप न येणारा.
आणि रस्त्यापलीकडे बघितलं.
तो गल्ल्यावर बसून चष्मा पुसत होता.
डोळ्यांखाली माझ्यासारखीच काळी वर्तुळं.

यंदा त्याची इमारत पाडायला घेतली.
मुलगे कापसाला हात लावत नाहीत,
तो मुलीकडे खारघरला गेला.
जाताना त्यानं रस्ता ओलांडला नाही,
मीही नाही.
बारा पावलांवरून माना हलवल्या,
टेम्पो मधे आला.

त्या रात्री माझं नाव टाकून पाहिलं.
वर कुणीच नव्हतं.
पहिला मीच, फुकटात.
दाबावंसं वाटलं नाही.

निनाद म्हणतो, हा शब्द काढून टाकू.
समोर कोणी बोलीच लावत नाही,
दीड रुपयावर येऊन पडलाय.
महिन्याला सात-आठ लोक शोधतात अजून,
लग्नातली गादी पिंजून भरायची असेल.
मी म्हटलं, राहू दे.
का?
राहू दे रे. माणसं एवढं नाव टाकतात,
उत्तर द्यायला कुणीतरी पाहिजे.

परवा तक्त्यात एक ओळ होती,
निनादचं लक्षही गेलं नाही:
शब्द, नदाफ गादी ठाणे.
रात्री एक पंचेचाळीस. नवी मुंबई.
एक क्लिक.
दीड रुपया. खरेदी शून्य.

मुलीकडची गादी
फोमची असणार.