खाली लोखंड होतं

बाप्तिस्म्याची वही जाड, लग्नांची पातळ,
मृतांची दोनदा नव्यानं शिवून घेतलेली.
तिन्ही आज माझ्या टेबलावर.
सोमवारी बिशपच्या कचेरीतून गाडी येईल,
मग त्या एका तळघरात राहतील
जिथे हवा कोरडी ठेवतात
आणि पानं उलटायला हातमोजे देतात.
मी आयुष्यभर थुंकी लावून उलटली.

मृतांतलं पहिलं नाव: येर्नेय कोबाल, वय एकोणीस.
पुढे एवढंच – "खाणीत. दगड."
तेव्हा चर्च नव्हतं.
मिस्सा व्हायची मेहलेच्या खानावळीत,
बिअरच्या पिंपावर इस्त्रीची चादर घालून.
आजी सांगायची, पहिल्या वर्षी
ख्रिस्तप्रसादाला कांद्याचा वास यायचा.

मग बायकांनी कोंबड्या विकल्या,
पुरुषांनी महिन्याची एक पाळी देवाच्या नावानं केली,
आणि मिनेसोटाच्या त्या लाल चिखलात
पाइनचं चर्च उभं राहिलं, संत बार्बाराचं.
जमाखर्चात एक ओळ आहे:
"खिळे, दोन पेट्या, हाइक्किनेनकडून. देव त्याला क्षमा करो."
तो फिनलंडचा, लुथरन, शिवाय लाल झेंडेवाला.
क्षमा नेमकी कशाची, ते लिहिलेलं नाही.
खिळे मात्र अजून धरून आहेत.

एकवीस साली कंपनीचा माणूस आला,
त्यानं नकाशा पसरला, वेदीवर बोट ठेवलं.
खाली लोखंड होतं. उत्तम प्रतीचं.
फादर ओसोव्निक म्हणाले, जमीन आमची आहे.
तो म्हणाला, वरची.

ओंडक्यांवर ठेवून चर्च ओढलं,
चोवीस घोडे, एक वाफेचं इंजिन,
दोन मैलांना अकरा दिवस.
घंटा काढायची राहून गेली होती;
प्रत्येक खड्ड्याला ती वाजायची, अवेळी,
आणि रस्त्यावरची माणसं
सवयीनं टोपी काढायची.
सातव्या दिवशी नेझा ह्रिबार
तापानं फणफणलेलं तान्हं घेऊन आली,
जगेल की नाही ठाऊक नव्हतं, थांबायला वेळ नव्हता,
म्हणून शिडी लावून वर चढली.
वहीत "ठिकाण"च्या रकान्यात फादरांचं अक्षर:
"रस्त्यात. केर्झेच्या बेकरीसमोर."
मूल जगलं. अल्बिना. माझी आई.
चालत्या देवळात नाव पडलेली बाई
जन्मभर एका जागी बसली नाही.

मढीही हलवायची होती.
यादीत चौसष्ट. सापडली एकसष्ट.
कंपनीनं आणखी एक दिवस थांबून पाहिलं,
मग फावडं लागलं.
येर्नेय त्या तिघांतला.
माती आगगाडीतून गेली, आगगाडीतून बोटीत,
बोटीतून भट्टीत. कुणास ठाऊक,
एखाद्या पुलाच्या रिबिटीत असेल तो,
एखाद्या तव्यात. मी तवा घासताना
कधी कधी उगाच हात हळू करते.

आता खाणीत पाणी आहे, निळंशार,
पोरं तिथं पोहतात.
शेवटचा बाप्तिस्मा एस्केवेलांच्या जुळ्यांचा,
त्याला तीन वर्षं झाली; बाप ग्वातेमालाचा,
रस्त्याच्या कामावर होता, काम संपलं, गेले.
शेवटच्या मिस्सेला आम्ही चौदा.
फादर तीन गावं सांभाळतात, त्यांची मोटार चालू होती.

कचेरीनं लिहिलंय: कोऱ्या जागा रेघ मारून बंद करा.
मारल्या. पट्टी धरून, नीट.
येर्नेयच्या नावापुढे, "दफनस्थळ" असं छापलंय तिथे,
पट्टी ठेवली आणि उचलली.

घंटा विकली गेली, विस्कॉन्सिनला.
दोर कुणी मागितला नाही, गॅरेजमध्ये पडलाय.
चांगला आहे, तागाचा, हातांनी गुळगुळीत झालेला.
यंदा त्याला टोमॅटो बांधीन.